पहिलं पाणी कुणाला?

इटियाडोहच्या कालव्याला पाणी सुटलं की आमच्या भागात माणसांचे दोनच प्रकार उरतात, हेडचे आणि टेलचे. हेडच्या बांध्या तुडुंब होतात आणि टेलचा माणूस बॅटरी घेऊन रात्रभर पाटचारीवर बसतो. गाढवी नदी अडवून गोठणगावजवळ हे धरण १९७० मध्ये उभं राहिलं. तेव्हापासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतली कितीतरी धानाची गावं त्याच्या भरवशावर आहेत, आणि त्यांची भांडणंही त्याच्याच पाण्यावरून आहेत. पाणी शेवटी सगळ्यांनाच मिळायचं असतं. भांडण असतं ते पहिल्या पाळीचं.

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या धार्मिक पालकांवरच्या या पुस्तकाची सुरुवात कालव्यापासून करतोय, कारण हा विषय मला पहिल्यांदा कळला तो कालव्याकाठच्याच एका घरात, आणि तोही पाण्याच्या भाषेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम आमच्याकडे यायचं. दिवस रोवणीचे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तक्ता. मूल शाळेत का येत नाही, याची कारणं तक्त्यात आधीच छापलेली: स्थलांतर, मजुरी, लहान भावंडं सांभाळणं, अपंगत्व, शाळा लांब असणं. अशा फेरीत एका घरी नऊ वर्षांचा मुलगा भेटला. वडील भजनात मृदंग वाजवायचे. मुलगा पहाटे चारला उठून हरिपाठ आणि अभंग पाठ करायचा, मग मृदंगाचे बोल, मग वडिलांजवळच थोडं गणित, थोडं मराठी. मी छपरीतल्या खाटेवर बसून तक्ता भरायला घेतला. मुलगा समोर उभा होता. त्याने उलट्या बाजूने तक्ता वाचला आणि हळूच म्हणाला, "गुर्जी, माझ्या नावातली वेलांटी चुकली." मी वेलांटी दुरुस्त केली आणि वडिलांकडे वळून कारण विचारलं.

"लिवा ना जी गुर्जी, शाळाबाह्य," ते म्हणाले. "पण पोट्टा बाहेर कुठी हाये? घरातच तं हाये."

मी म्हटलं, शाळा तर साडेदहाला भरते. पहाटेचं पाठांतर करून यायला काय हरकत आहे? त्यावर ते म्हणाले, "आठ दिवस पाठवून पाह्यलं ना. चारले उठलेला पोट्टा बारा वाजता तुमच्या शाळंत पेंगते, अन् सांजच्याले पाठाले बसवला का घरी पेंगते. दोन्हीकडचं वावर कोरडं. आता पयलं पानी कोणाले द्याचं, थे तुमीच सांगा."

मला काही सांगता आलं नाही. मी 'इतर' या रकान्यात खूण केली आणि उठलो. या पुस्तकातली सगळी घरं त्या 'इतर' रकान्यातली आहेत. कुणाचंही नाव दिलेलं नाही, गावंही मोघमच ठेवली आहेत. त्या घरांची बाजू घेण्यासाठी हे लिहिलेलं नाही आणि त्यांना कोर्टात उभं करण्यासाठीही नाही. छापील कारणांच्या यादीत जे कारण बसलं नाही, ते जरा सावकाश समजून घ्यावं, एवढाच हेतू आहे.

आधी एक घोळ मिटवू. 'होमस्कूलिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचं एखादं सुशिक्षित कुटुंब येतं. अशा पालकांनी २०१२ मध्ये 'स्वशिक्षण' नावाची देशभरची संघटनाही उभी केली. शाळेवर टीका करणाऱ्या अमेरिकी जॉन होल्टची पुस्तकं त्यांच्या कपाटात असतात. त्यांचं शाळेशी भांडण आहे ते गुणांवरून, स्पर्धेवरून, घोकंपट्टीवरून. धार्मिक पालकाचं भांडण निराळं असतं, कधी तर अगदी उलट. घोकंपट्टीला त्याची ना नाहीच. शाळेत पुरेसं पाठांतर होत नाही, ही त्याची तक्रार असते. मूल मोकळं सोडलं की आपोआप शिकतं, यावर त्याचा विश्वास नसतो. उलट ते कोवळं असतानाच वळण लावायला हवं, असं त्याला वाटतं. दोघेही मुलाला घरी ठेवतात, पण एक जण शाळेतली शिस्त टाळायला आणि दुसरा तिच्याहून कडक शिस्त लावायला.

पहिल्या पाण्याची गोष्ट इथेच येते. आपल्याकडच्या बहुतेक परंपरांमध्ये पाठांतराचं वय ठरलेलं आहे. वेदपाठशाळेतला बटू मुंज झाली की आठव्या-दहाव्या वर्षी संथा घ्यायला बसतो. कुराण मुखोद्गत करून हाफिज होणाऱ्या मुलाला दोन-चार वर्षं दुसरं काहीच करता येत नाही आणि ती वर्षंही बहुधा याच वयातली असतात. मृदंगाचा हातही लहानपणीच बसतो. या वयात पाठ झालेलं मरेपर्यंत जात नाही, असं सगळेच सांगतात. आता शिक्षण हक्क कायदा बघा. २००९ मध्ये मंजूर झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे परंपरेला जी वर्षं हवीत, नेमकी तीच वर्षं राष्ट्रालाही हवी आहेत. हेड एकच आहे आणि दोन शेतकरी फावडं घेऊन उभे आहेत.

दुसरं कारण राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. फाळणीच्या जखमा ओल्या असताना घटनाकारांनी घातलेलं हे कुंपण होतं, आणि त्याची गरज आजही आहे. पण एका विशिष्ट घरातून पाहिलं की चित्र बदलतं. ज्या घरात दिवसाची घडी देवाच्या नावाने बसते, तिथल्या मुलाला शाळेत सहा तास असं जग भेटतं, ज्यात त्या नावाला जागाच नसते. शाळा देवाविरुद्ध बोलत नाही, गप्प असते. ते गप्प बसणं श्रद्धाळू आईला बोलण्यापेक्षा जास्त खुपतं. आणि गंमत अशी की जिथे शाळा पूर्ण गप्प नसते, तिथेही तक्रार असतेच. परिपाठातली प्रार्थना, भिंतीवरचा फोटो, वर्गातली पूजा यांतलं काहीतरी कुणाला तरी परकं वाटतं. एकाला शाळेत धर्म कमी वाटतो, दुसऱ्याला शेजाऱ्याचा धर्म जास्त वाटतो.

तिसरं कारण ताटातलं आणि संगतीचं. सूर्यास्तानंतर न जेवणारं, कंदमुळं न खाणारं जैन घर डब्याच्या सुटीचा विचार करतं. मुलगी मोठी झाली की काही घरं वाटेचा, बसचा, मुलांबरोबर बसण्याचा विचार करू लागतात. हे कारण सांगताना धर्माचं नाव घेतलं जातं खरं, पण बऱ्याचदा आत दडलेली असते ती जात, प्रतिष्ठा आणि मुलीविषयीची भीती. त्यामुळे 'धार्मिक कारण' असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात एक प्रश्न विचारतो: हेच कारण मुलाच्या बाबतीतही लागू आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर तिथे धर्माआड दुसरंच काही आहे असं समजावं.

या विषयावर मराठीत बोलायचं तर एका घरापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते घर होतं कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात आणि घराचा कर्ता होता अनंतशास्त्री डोंगरे. स्त्रीला संस्कृत शिकवू नये असं मानणाऱ्या काळात या कर्मठ ब्राह्मणाने जातभाईंचा रोष पत्करून आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांना मुलगी झाली, ती रमा. पुढे सगळं जग तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागलं. रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला १८८७ मध्ये अमेरिकेतल्या रेचेल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. आनंदीबाई जोशी ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, त्याच्या या प्रमुख. त्या प्रस्तावनेत एक पहाट आहे. घरच्या कामातून आईला दिवसा सवड मिळत नाही म्हणून ती मुलीला पहाटे उठवते. जमिनीवर झोपलेल्या त्या झोपाळू पोरीला लाडाने उचलून घेते, रानात पाखरं बोलू लागलेली असतात, आणि पुस्तक नसतंच. आईच्या तोंडून येईल तोच पाठ. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलीचे अठरा हजार श्लोक पाठ झाले होते, असं सांगतात.

घरच्या शिक्षणाचं याहून सुंदर चित्र मला माहीत नाही. पण ते तिथेच थांबवणं अप्रामाणिकपणाचं होईल. अनंतशास्त्र्यांनी मुलींना पुराणं शिकवली, वेद मात्र दूर ठेवले. बाहेरच्या जगाचं शिक्षण माणसाला प्रपंचात ओढतं म्हणून इंग्रजी नको, धंदा नको. कुटुंब तीर्थाटन करत, पुराण सांगत फिरत राहिलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात दक्षिणा आटली आणि या माणसांना पोट भरायचा एकही मार्ग येत नव्हता. मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागायला मन धजत नव्हतं. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांपुढे तीच पहाटेची शिदोरी कामाला आली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. 'माझी साक्ष'मध्ये रमाबाईंनी हे दोन्ही लिहून ठेवलं आहे, वडिलांचं ऋणही आणि त्या उपासमारीतलं अज्ञानही. ज्या पहाटेने त्यांना पंडिता केलं, तिनेच त्यांना दुष्काळात रिकाम्या हातांनी सोडलं. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक धार्मिक पालकाने या गोष्टीचे दोन्ही अर्धे एकत्र वाचायला हवेत.

आणि गोष्ट इथे संपत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढच्या काही वर्षांत त्यांचा तिथल्या मठवासी भगिनींशी पत्रांतून मोठा वाद झाला. वादाचा एक विषय होता त्यांची लहानगी मुलगी मनोरमा. तिला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं, हे ठरवायचा अधिकार आपलाच आहे, चर्चचा नाही, यावर रमाबाई ठाम होत्या. घरी शिकलेली मुलगी आई झाल्यावर वडिलांच्याच जागी उभी राहिली, फक्त धर्म बदलला होता.

मग आलं १८८९. मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला गेलं. विधवा आणि निराधार मुलींसाठीच्या या शाळेत धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली तिथून काढून नेल्या. एक सकाळ, एक उघडं दार, आणि त्यावरून अख्खं पुणं पेटलं. शाळा काय शिकवते यापेक्षा मूल सकाळी कुणाजवळ बसतं, हे पालकांना जास्त झोंबतं. सव्वाशे वर्षांपूर्वीही तेच होतं आणि आमच्या कालव्याकाठच्या घरातही तेच.

दुसरं घर गांधीजींचं. तत्त्वासाठी मुलांना शाळेबाहेर ठेवणाऱ्या भारतीय बापांमध्ये सगळ्यांत नावाजलेला हाच. दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत सवलत म्हणून प्रवेश मिळू शकला असता. इतर हिंदी मुलांना जो मिळत नाही तो आपल्या मुलांना नको, म्हणून त्यांनी तो नाकारला. घरापासून कचेरीपर्यंत चालता चालता ते मुलांना शिकवत. चारित्र्य घडलं की बाकीचं मागून येतं, अशी त्यांची श्रद्धा. थोरल्या हरिलालने ही गोष्ट बापाला कधीच माफ केली नाही. १९११ मध्ये तो शिकायचं म्हणून घर सोडून अहमदाबादला आला, पण मॅट्रिक काही झाला नाही. मुलांच्या अक्षरज्ञानात आपण कमी पडलो आणि मुलांना त्याची खंत आहे, हे गांधीजींनी आत्मकथेत कबूल केलं आहे. आपण चुकलो असं मात्र त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही.

हाच माणूस ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यात देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडायला बसला. त्या 'नई तालीम'मध्ये सूतकताई आली, शेती आली, मातृभाषा आली. धर्मशिक्षण आलं नाही, आणि ते विसरून राहिलं नव्हतं. आज धर्म ज्या रीतीने शिकवले जातात त्यातून एकीपेक्षा तंटेच वाढतात, म्हणून ते बाहेर ठेवलं, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या घरात ज्याने तत्त्वासाठी शाळा सोडली, त्याने देशाच्या शाळेतून धर्म सोडला. मला यात विसंगती दिसत नाही. घरात जे चालतं ते चौकात जसंच्या तसं चालत नाही, हे त्यांना कळलं होतं.

इथे एक तिसरं घर मध्ये उभं राहतं आणि ते सगळा विषयच उलटा करतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भीमराव आंबेडकरांचं नाव चढलं. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, वर्गात घेतलं तर गोणपाटावर वेगळं बसवलं, त्यांना 'मुलाला घरीच शिकवू' ही कल्पना कशी वाटेल? आमच्या तालुक्यातल्या बौद्ध घरांमध्ये भिंतीवर बुद्धाशेजारी बाबासाहेब असतात आणि बाबासाहेबांच्या हातात पुस्तक असतं. त्या घरातही वंदना होते, सुत्तं पाठ होतात, उन्हाळ्यात मुलं श्रामणेर शिबिराला जातात. पण जूनमध्ये शाळा चुकवायची, हे त्या घरात अधर्मासारखं मानलं जाईल. शाळा सोडण्याची चैन त्यालाच परवडते, ज्याच्या आजोबाला शाळेने कधी हाकललं नव्हतं. या पुस्तकातलं कुठलंही घर वाचताना हे वाक्य मनात ठेवावं, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, पण कर्तव्य चुकलं तर पालकांना शिक्षा सांगत नाही. शिक्षा आहे ती मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला: एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. घर ही संस्था नाही, त्यामुळे घराचं नाव ना आत आहे ना बाहेर. बहुतेक कुटुंबं याच मोकळ्या जागेत राहतात. पुढे दहावीला बसायचं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे किंवा आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. त्या फॉर्मच्या दिवसांत कितीतरी कीर्तनकार, हाफिज आणि याज्ञिक होऊ घातलेली पोरं एकाच रांगेत उभी असतात.

धर्मसंस्थांनाही हे उमगलेलं दिसतं. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. आज आळंदीत राहून सांप्रदायिक शिक्षण घेणारी कितीतरी मुलं शाळेचं दप्तरही सांभाळतात. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला १९७९ मध्ये मदरसा म्हणून सुरू झालेल्या जामियाने पुढे अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं उभी केली. पहिलं पाणी धर्माला दिलं तरी पाटचारी पुढे वाहती ठेवली पाहिजे, एवढं तरी या ठिकाणी कुणीतरी ओळखलं.

उलट बाजूचं उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि नावात 'गोटुल', म्हणजे गोंडांचं परंपरेचं शिकायचं ठिकाण, घातलं. आपली भाषा, आपले पेन म्हणजे देव, आपल्या रीती मुलांना कळाव्यात, म्हणून गाव एकत्र आलं. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे चढणारी गोंड समाजाची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला कळेल की ही माणसं शाळेपासून पळत नाहीत. आपलं घर शाळेच्या आत यावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

जगात या प्रश्नाची उत्तरं दोन टोकांची निघाली. अमेरिकेत १९९० च्या दशकापर्यंत सगळ्या राज्यांमध्ये घरचं शिक्षण कायदेशीर झालं आणि त्या चळवळीचा मोठा भाग ख्रिस्ती श्रद्धाळू कुटुंबांचा आहे. जर्मनीत ते जवळजवळ पूर्ण बंद आहे. २००६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही एका ख्रिस्ती कुटुंबाविरुद्ध जर्मनीची बाजू मान्य केली. समाजात समांतर बेटं तयार होऊ नयेत, हा तिथला युक्तिवाद. पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो १९७२ चा अमेरिकी निकाल. विस्कॉन्सिनमधल्या आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नव्हतं. ट्रॅक्टर आणि वीज नाकारून शेती करणारे हे लोक. सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. एकटे न्यायमूर्ती डग्लस अडून बसले. पालकांचं ऐकलं, सरकारचं ऐकलं, मुलांना कुणी विचारलं का, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्या मुलाला पियानो वाजवावासा वाटला किंवा अंतराळात जावंसं वाटलं, तर?

त्याच १९७२ साली, इटियाडोहच्या पाण्याशेजारी, गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. नाव नोर्ग्येलिंग, आमच्या तोंडी 'तिबेटी कॅम्प'. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, तो झाला १ मे १९९९ रोजी. म्हणून तिबेटी कागदोपत्री ही वसाहत अजूनही भंडाऱ्याची. जंगल संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथे अचानक पाच रंगांच्या पताका फडफडताना दिसतात. ही माणसं बर्फातून आली आणि आमच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात धान लावायला शिकली. हिवाळ्यात त्यांची घरं ओस पडतात, कारण माणसं नागपुरासारख्या शहरांत स्वेटर विकायला गेलेली असतात.

देश गमावलेल्या या लोकांना मुलं आपल्या धर्मात राहतील की नाही, ही काळजी आपल्यापेक्षा किती जास्त असेल! पण त्यांनी मुलं घरात कोंडली नाहीत. निर्वासितांसाठी पहिली शाळा १९६० मध्ये मसुरीला निघाली. १९६१ मध्ये भारत सरकारने तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र प्रशासनच उभं केलं. या शाळांमध्ये दिवस प्रार्थनेने सुरू होतो, तिबेटी भाषा आणि धर्म शिकवणारे शिक्षक असतात, आणि त्याच वर्गांत गणित, विज्ञान, इंग्रजीही चालतं. ज्याला भिक्षू व्हायचं तो विहारात जातो, बाकीचे परीक्षा देतात. या मांडणीतही ओढाताण आहे. शिकलेली मुलं वसाहतीत परत येत नाहीत आणि म्हातारी माणसं माळ ओढत एकटी बसतात, हे मी पाहिलं आहे. तरीही पहिल्या पाण्याच्या भांडणाला मला दिसलेलं सगळ्यांत शहाणं उत्तर हेच: घर शाळेत आलं, म्हणून मूल घरात अडकलं नाही.

सगळ्यांना हे उत्तर लागू पडणार नाही. सरकारी शाळा एकाच धर्माचं घर होऊ शकत नाही आणि होऊही नये. तेव्हा काही घरं 'इतर' रकान्यात राहणारच. त्यांना गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही आणि ऋषीही ठरवता येत नाही. त्यांच्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात. दुष्काळ आला तर या मुलाच्या हातात काय असेल, याचं उत्तर त्यांच्याजवळ असावं. आणि मुलाने उद्या दार उघडून बाहेर जायचं म्हटलं, तर ते आतून उघडता यावं. अनंतशास्त्र्यांच्या घरी पहिली गोष्ट नव्हती, हरिलालला दुसरी मिळाली नाही.

शेवटी त्या छपरीत परत जातो. इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आलो, ती वडिलांच्या त्या वाक्यासाठी. पयलं पानी कोणाले द्याचं? लोक माना डोलावतात, मीही डोलावतो. पुस्तकासाठी सगळं पुन्हा लिहून काढताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. त्या दिवशी मी वडिलांना विचारलं, चहा घेऊन आलेल्या आईला विचारलं, शेजाऱ्यालाही विचारलं. वेलांटीची चूक ज्याने उलट्या बाजूने वाचून दाखवली, त्याने त्याच ओळीत पुढे मी लिहिलेला 'शाळाबाह्य' हा शब्दही वाचलाच असणार. तो गप्प उभा राहिला. तक्त्यात त्याला विचारायचा रकाना नव्हता आणि मीही विचारलं नाही.